पेंढ्याची भुकटी व सेल्युलोजचे गोल कण

गेल्या मार्गशीर्षांत मळणी आटोपल्यावर कशेळीस आमच्या मंडळाच्या सभेंत एक प्रश्न निघाला, व तो अद्याप लोंबकळत आहे. यंत्रें विकणाऱ्या एका दलालानें असें सुचविलें कीं, भाताचा पेंढा बारीक दळून त्याची भुकटी तोंडास लावावयाच्या पावडरींत व उटण्यांत घालण्यासाठीं विकावी. प्लास्टिकच्या कणांवर जागोजाग बंदी येत असल्यामुळें कारखानदार अशाच मालाच्या शोधांत आहेत. त्याच्या बोलण्याचा शेवटचा भाग खरा आहे, पहिला खरा नाहीं. मंडळानें कर्ज काढून चक्की घ्यावी कीं घेऊं नये, हें पुढच्या सभेंत ठरावयाचें आहे. म्हणून हा विषय आम्ही येथें मुळापासून मांडतों.

आम्हांस हें ज्ञान फुकट मिळालेलें नाहीं. महसूल खात्यांतील कारकुनीवरून निवृत्त झाल्यावर हातीं आलेल्या पैशांतून आम्हीं स्वतःच अशा चक्कीसाठीं विसार दिला होता. विक्रेत्यानें नफ्याची आणेवारी पुरी सोळा आणे लावून दाखविली होती. दोन पोतीं भुकटी दळून घेतली व नमुना घेऊन आम्ही मुंबईस प्रसाधनें बनविणाऱ्या एका गृहस्थांकडे गेलों. त्यांनीं चिमूटभर माल कांचेच्या पट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवला व आम्हांस पाहण्यास सांगितलें. मैद्यासारखें कांहीं मऊ दिसेल अशी आमची कल्पना. दिसलीं तीं कुसळें, फाटक्या चिंध्या व कांचेच्या तुकड्यांसारख्या धारदार कपच्या. विसार बुडाला. जन्मभर दुसऱ्यांचे दस्तऐवज तपासणाऱ्यानें स्वतःचा करारनामा न वाचतां सही करावी, याला काय म्हणावें? असो.

त्या गृहस्थांस हवे होते ते गोल व गुळगुळीत कण. पावडरींतील असा कण बहुधा ५ ते २० मायक्रॉन व्यासाचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केंस सुमारें ७० मायक्रॉन जाड धरला म्हणजे या कणाच्या बारीकपणाची कल्पना येईल. चेंडूसारखा गोल कण त्वचेवर घसरत नाहीं, लोळतो. म्हणून बोटास रेशमासारखा स्पर्श लागतो. शिवाय तो उजेड सर्व बाजूंस फांकवितो, त्यामुळें चेहऱ्यावरील बारीक सुरकुत्या कमी उठून दिसतात. हें काम पुष्कळ वर्षें नायलॉन, पॉलिथिलीन इत्यादि प्लास्टिकचे कण करीत आले. परंतु तोंड धुतलें कीं ते मोरींतून गटारांत व तेथून खाडींत जातात. ते कुजत नाहींत, आणि मासळी त्यांस अन्न समजून गिळते. अमेरिकेनें २०१५ सालीं धुवून टाकावयाच्या प्रसाधनांतील अशा कणांविरुद्ध कायदा केला, ब्रिटनमध्यें २०१८ सालीं बंदी आली, आणि युरोपीय संघानें २०२३ सालीं नियम करून निरनिराळ्या मालास निरनिराळी मुदत दिली. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोनें २०१७ सालीं न कुजणाऱ्या प्लास्टिकच्या कणांस प्रसाधनांत वापरण्यास असुरक्षित ठरविलें. खाडीकांठच्या आम्हां लोकांस हा प्रश्न परका नाहीं.

आतां मूळ मुद्दा. पेंढा दळून गोल कण कां होत नाहींत? वनस्पतींच्या पेशींची भिंत ज्या द्रव्याची असते, तें सेल्युलोज फ्रान्समध्यें आन्सेल्म पायें या रसायनशास्त्रज्ञानें १८३८ सालीं वेगळें करून ओळखलें. त्याच्या रेणूंच्या लांबच लांब सांखळ्या असतात व त्या तंतूंत उभ्या, एकमेकींस बिलगून बसलेल्या असतात. म्हणून वेळू जसा उभा फाटतो तसाच तंतुही फाटतो. कितीहि दळला तरी लांबट तुकडेच पडतात, आणि फारच कुटला तर चपट्या पापड्या होतात. त्यांत भाताच्या पेंढ्याची गोष्ट आणखी निराळी. वाळल्या पेंढ्याच्या १०० किलोंत सेल्युलोज सुमारें ३५ ते ४० किलोच. बाकी लिग्निन वगैरे इतर द्रव्यें आणि पुष्कळशी राख. ती राख बहुतेक सिलिका, म्हणजे वाळूचेंच द्रव्य. कापणीच्या वेळीं विळ्याची धार कां जाते व हातास ओरखडे कां येतात, हें ज्यानें भात कापलें आहे त्यास सांगावयास नको. तीच सिलिका आम्ही बायकांच्या गालांस लावावयास निघालों होतों!

मग वितळवून गोळ्या कराव्या म्हटलें तर तेंहि साधत नाहीं. मेण वितळतें, प्लास्टिक वितळतें. सेल्युलोज वितळण्यापूर्वींच करपतें. पाण्यांत तें विरघळत नाहीं. विरघळतें तर सुती धोतर पहिल्या धुण्यालाच नाहींसें झालें असतें. तेव्हां एकच मार्ग उरतो: औषधानें विरघळवावें, द्रवरूपांत थेंब पाडावे, आणि त्या थेंबांत पुन्हा सेल्युलोज थिजवावें.

विरघळविण्याची एक युक्ति इंग्लंडांत क्रॉस, बेव्हन व बीडल या तिघांनीं १८९२ सालीं काढली. लांकडाचा शुद्ध लगदा कॉस्टिक सोड्याच्या कडक पाण्यांत भिजवितात, पिळून कुसकरतात व कांहीं काळ मुरूं देतात. मग त्यावर कार्बन डायसल्फाइड सोडलें कीं नारिंगी रंगाचा भुगा होतो. तो सौम्य कॉस्टिकमध्यें विरघळून मधासारखा दाट द्रव बनतो. यास व्हिस्कोज म्हणतात. तो बारीक छिद्रांतून गंधकाम्लाच्या कुंडांत सोडला कीं धागा होतो, आणि लांब फटींतून सोडला कीं सेलोफेनचा कागद. आपल्या कल्याणनजीक शहाड येथें सेंच्युरी रेयॉनच्या कारखान्यांत याच रीतीनें रेयॉनचें सूत निघतें. मोहने येथील नॅशनल रेयॉनचा कारखाना मात्र बंद पडला. कार्बन डायसल्फाइड ठिणगीसरशी पेट घेणारें व त्याची वाफ मज्जातंतूंस अपाय करणारी. अंगणांत मांडव घालून करावयाचा हा उद्योग नव्हे, हें येथेंच स्पष्ट सांगून ठेवतों.

थेंब गोल कां होतो, हें समजण्यास बुंदी पाडण्याचें उदाहरण उत्तम. झाऱ्याच्या भोंकांतून पिठाचा थेंब सुटला कीं तो आपलें अंग आंखडून घेतो. कमींत कमी पृष्ठभाग होईल असा आकार गोळ्याचाच. अळवाच्या पानावरील पाण्याचा थेंबहि याच नियमानें वाटोळा होतो. पीठ दाट झालें तर बुंदीस शेंपटी येते, पातळ झालें तर ती पसरते, आणि तूप निवालें तर ती वेळेवर थिजत नाहीं. सेल्युलोजच्या कणांचेंहि अगदीं असेंच. इंग्लंडांतील बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या रीतींत एका विशेष द्रावकांत विरघळविलेलें सेल्युलोज अतिसूक्ष्म छिद्रांच्या नळींतून सूर्यफुलाच्या तेलांत दाबलें जातें. तेलांत त्याचे सारखे थेंब पडतात, मद्यार्कानें ते थिजवितात व धुवून घेतात. झारा, पीठ आणि तूप, तिन्ही आलीं. छिद्रें सारखीं असल्यामुळें कणहि बहुतेक सारखे निघतात. नुसतें रवीनें घुसळल्यासारखें ढवळूनहि थेंब होतात, परंतु ते लहानमोठे होतात व मागाहून चाळून निवडावे लागतात. जपानांतहि सेल्युलोजचे गोल कण प्रसाधनांसाठीं तयार होऊन विकले जातात.

सर्वांत नाजूक काम पुढेंच आहे. द्रावक घाईनें बाहेर पडला तर कण मनुक्यासारखा सुरकुततो. ओले कण तसेच वाळविले तर ते एकमेकांस घट्ट चिकटून ढेकळें होतात, व तीं फोडूं गेल्यास पुन्हा कपच्याच. शिवाय महाग द्रावक जवळजवळ सगळा परत मिळविल्यावांचून धंद्याचा हिशेब जुळत नाहीं. म्हणजे या मालाची किंमत कच्च्या पेंढ्यांत नसून द्रावण, झारा व वाळवण यांत आहे.

तेव्हां आपला पेंढा कोठें बसतो? प्रामाणिकपणें सांगावयाचें तर पहिल्या पंक्तीस नाहीं. कापसांत शेंकडा ९० च्या आसपास सेल्युलोज असतें व पेंढ्यासारखी सिलिका नसते. भिवंडीच्या मागांवरील निव्वळ सुती कचरा हा पेंढ्याहून कितीतरी सरस कच्चा माल आहे, मात्र त्यांत पॉलिएस्टरचा धागा मिसळलेला नसावा. पेंढ्याचा लगदा करावयाचा तर आधीं सिलिका व लिग्निन काढावें लागतें, आणि तें काळें पाणी खाडींत सोडावयाचें नसेल तर त्याचीहि व्यवस्था पाहिजे. तोंपर्यंत पेंढा गुरांस घालावा, धिंगरी अळंब्यांच्या वाफ्यांस वापरावा. माटुंग्यास १९२४ सालापासून कापसाच्या तंत्रज्ञानाची सरकारी संशोधनसंस्था आहे. कर्जाचा कागद करण्यापूर्वीं मंडळाच्या एका सभासदानें तेथें जाऊन सल्ला घ्यावा.

दलाल पुढच्या सभेस येणार आहे. आम्ही एका शाळेंतून सूक्ष्मदर्शक मागून आणण्याची व्यवस्था केली आहे. त्यानें आपल्या चक्कीची चिमूटभर भुकटी आणावी. आमच्या दोन पोत्यांपैकीं एक अद्याप माळ्यावर आहे, तींतली चिमूट आम्ही आणूं, व शेजारीं तांदळाचें पीठहि ठेवूं. कर्जावर मत देण्यापूर्वीं प्रत्येकानें एकदां डोळा लावून पहावें.