पाठ असलेलं ९.८ : मुक्तपतनाच्या प्रयोगात काय करावे, काय टाळावे

मुक्तपतनाच्या प्रयोगाला लागतं तरी काय? एक गोळी, एक टेप, एक घड्याळ. उंचीची दुप्पट करायची, वेळेच्या वर्गाने भागायचं, गुरुत्व त्वरण हाती. इतका सोपा दिसतो म्हणूनच तो बहुतेक वेळा ढिसाळपणे होतो, आणि उत्तर सगळ्यांना आधीच पाठ असल्यामुळे तो ढिसाळपणा झाकलाही जातो. खालची यादी शाळेत, कॉलेजात किंवा घरच्या जिन्यात हा प्रयोग मनापासून करू पाहणाऱ्यांसाठी.

वेळ

करा : सगळी काळजी वेळेवर खर्च करा. दोन मीटरवरून सोडलेली गोळी ०.६४ सेकंदात जमिनीवर येते. उंचीत एक सेंटिमीटर चुकलात तर उत्तर अर्ध्या टक्क्याने हलतं. वेळेत ०.०५ सेकंद चुकलात तर ती चूक आठ टक्क्यांची, आणि पुढे वेळेचा वर्ग होत असल्यामुळे उत्तरात ती सोळा टक्क्यांच्या घरात जाते.

टाळा : हाताने दाबायचं स्टॉपवॉच. डोळ्यांनी पाहून बोट दाबेपर्यंत साधारण ०.२ सेकंद जातात. ‘सुरुवातीलाही उशीर, शेवटीही उशीर, म्हणजे फिटंफाट’ असं सांगणारा एक जण प्रत्येक गटात असतो. फिटत नाही. गोळी सुटते अचानक, पण ती आपटणार हे आधीपासून दिसत असतं. त्यामुळे शेवटचं बोट लवकर पडतं. वेळ नुसती ०.१ सेकंद कमी भरली, तरी दोन मीटरच्या प्रयोगात उत्तर १३.७ येतं.

टाळा : यावर उपाय म्हणून गच्ची गाठणं. दहा मीटरवरून पडायलाही १.४३ सेकंदच लागतात, ०.१ सेकंदाची चूक तिथेही उत्तर चौदा टक्क्यांनी बिघडवते. वर वारा आला, आणि खालून जाणाऱ्याचं डोकंही.

करा : डोळ्यांपेक्षा फोनच्या कानावर भरवसा ठेवा. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठात तयार झालेलं ‘फायफॉक्स’ हे मोफत अ‍ॅप आहे. त्यातलं आवाजावर चालणारं स्टॉपवॉच पहिल्या आवाजाला सुरू होतं, दुसऱ्याला थांबतं. फुगवलेल्या फुग्याला दोऱ्याने जड नट बांधा, फुगा टांगा आणि टाचणीने फोडा. फट् झालं की घड्याळ सुरू, नट उपड्या परातीवर आपटला की बंद. उंची नटाच्या खालच्या टोकापासून परातीच्या पाठीपर्यंत मोजा, फरशीपर्यंत नव्हे.

करा : फोन उंचीच्या मधोमध ठेवा, स्टुलावर किंवा कपाटाच्या फळीवर. आवाजाला दोन मीटर जायला सुमारे ०.००६ सेकंद लागतात. फोन जमिनीवर असेल तर फुग्याचा आवाज तेवढा उशिरा पोचतो, परातीचा लगेच. वेळ कमी भरते आणि उत्तर दोन टक्क्यांनी फुगतं. मधोमध ठेवला की दोन्ही आवाजांना सारखाच उशीर होतो आणि इथे मात्र खरोखरच फिटंफाट होते.

टाळा : चालू पंखा, शेजारची मिक्सरची घरघर. अ‍ॅपमधली आवाजाची मर्यादा फार खाली ठेवली तर घड्याळ कशानेही दचकतं. फुग्याच्या प्रतिध्वनीनेच ते थांबू नये म्हणून ‘किमान विलंब’ ०.२ सेकंदाच्या आसपास ठेवा.

करा : घड्याळावरही संशय घ्या. बोलोन्यात असिनेल्ली मनोऱ्यावरून गोळे टाकून पतनाचा अभ्यास करणारे जेझुइट पंडित जोव्हान्नी बात्तिस्ता रिच्चोली यांच्याकडे घड्याळ म्हणून लंबक होता. तो किती खरा, हे पाहण्यासाठी त्यांनी १६४२ साली नऊ सहकाऱ्यांना बसवून ताऱ्यांच्या साक्षीने सलग चोवीस तास त्याची आंदोलनं मोजवून घेतली. आपल्याला एवढं जागरण नको. फोन स्लो-मोशनमध्ये सेकंदाला २४० फ्रेम घेतो असं सांगत असेल, तर दुसऱ्या फोनवरचं चालू स्टॉपवॉच चित्रित करा आणि एका सेकंदात किती फ्रेम येतात ते मोजा. दोन मिनिटांचं काम, पण ते वगळल्यास पुढचं सगळं उसनवारीवर.

गोळी

करा : लहान आणि जड वस्तू घ्या. बेअरिंगची पोलादी गोळी उत्तम. दोनेक सेंटिमीटरच्या अशा गोळीला दोन मीटरच्या पडण्यात हवेमुळे येणारा फरक अर्ध्या टक्क्याहूनही बराच कमी असतो. काचेची गोटी चालते. क्रिकेटचा चेंडूही चालतो, पायात बूट असतील तर.

टाळा : टेबल टेनिसचा चेंडू. वजन २.७ ग्रॅम, व्यास ४० मिलिमीटर. दोन मीटरमध्येच हवा त्याला एवढी अडवते की उत्तर नऊच्या जवळ घसरतं. मात्र पोलादी गोळीचं काम उरकल्यावर हा चेंडू मुद्दाम टाकून पाहा. हवेचा अडथळा पुस्तकात वाचण्यापेक्षा असा कळलेला बरा.

चित्रण

करा : मोजपट्टी गोळीच्या मार्गाच्या पातळीतच उभी करा आणि गवंड्याच्या ओळंब्याने सरळ आहे का तपासा. पट्टी मागच्या भिंतीवर चिकटवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. गोळी कॅमेऱ्यापासून तीन मीटरवर आणि भिंत तिच्या मागे २० सेंटिमीटर असेल, तर प्रत्येक अंतर जवळजवळ सात टक्के जास्त वाचलं जातं. मग ९.८ च्या जागी १०.४ येतं आणि दोष बिचाऱ्या गोळीवर जातो.

टाळा : ट्यूबलाइटचा उजेड. दोन मीटर पडून आलेल्या गोळीचा वेग सेकंदाला सहा मीटरच्या वर असतो. शटर १/६० सेकंद उघडं राहिलं तर गोळीऐवजी दहा सेंटिमीटरची रेघ उमटते. भर उन्हात, अंगणात चित्रण करा.

आकडेमोड

करा : गोळी नेमकी कोणत्या फ्रेमला सुटली, यावर वाद घालण्यापेक्षा फरकांचे फरक काढा. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर गोळीने प्रत्येक फ्रेममध्ये कापलेलं अंतर आधीच्या फ्रेमपेक्षा साधारण १.०९ सेंटिमीटरने वाढतं. सुरुवातीला हाताचा थोडा धक्का बसला असला तरी ही वाढ तीच राहते. या प्रयोगातला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच: त्वरण म्हणजे काय हे इथे सूत्राविना, नुसत्या वजाबाकीतून दिसतं.

टाळा : हीच वजाबाकी २४० फ्रेमच्या चित्रणात लागोपाठच्या फ्रेमवर करणं. तिथे वाढ फक्त ०.१७ मिलिमीटर, पडद्यावर गोळीची कड ठरवताना होणारी चूक त्याहून मोठी. जास्त फ्रेम म्हणजे जास्त अचूकता असं सरसकट नसतं. दर आठवी फ्रेम घ्या.

करा : एकाच उंचीवर वीस वेळा टाकण्यापेक्षा पाच-सहा वेगवेगळ्या उंचींवर प्रत्येकी चार-पाच वेळा टाका. आडव्या अक्षावर उंचीचं वर्गमूळ, उभ्यावर वेळ, असा आलेख काढा. बिंदू सरळ रेषेत येतील आणि चढ ०.४५ च्या जवळ भरेल. २ ला चढाच्या वर्गाने भागलं की त्वरण.

टाळा : ती रेषा ओढूनताणून शून्यातून नेणं. विद्युतचुंबकाने गोळी सोडत असाल तर प्रवाह बंद केल्यावरही चुंबकत्व क्षणभर रेंगाळतं आणि गोळी उशिरा सुटते. तो उशीर उभ्या अक्षावरच्या छेदात दिसतो. रेषा शून्यातून नेली की तो चढात शिरतो आणि उत्तर बिघडवतो.

वही

टाळा : उत्तरावरून उलट रीडिंग लिहिणं. जर्नल भरण्याची ही रीत जुनी, सर्वदूर, आणि बऱ्याचदा शिक्षकांच्या देखत चालणारी. पाचही रीडिंग ९.७९ ते ९.८१ मध्ये बसवणाऱ्या वहीला पूर्ण गुण आणि ९.३ लिहून कारण शोधणाऱ्याला कमी, असं असेल तर मुलं दुसरं काय करणार?

टाळा : कॅल्क्युलेटरने दिलेले सगळे आकडे उतरवणं. फुगा-परातीच्या प्रयोगातून ९.८१३७२ निघू शकत नाही. ९.७ ± ०.२ लिहा.

करा : तुलना करताना खरी किंमत कुठली घ्यायची ते ठरवा. पुस्तकांतलं ९.८१ हे लंडन-पॅरिसच्या आसपासचं. १९०१ साली ठरलेली प्रमाण किंमत ९.८०६६५ आहे, आणि ती साधारण ४५ अक्षांशाला लागू पडते. विषुववृत्तावर ९.७८०, ध्रुवांवर ९.८३२. मुंबईत समुद्रकाठी ९.७८६ च्या जवळपास. पुण्याला उंचीमुळे त्याहूनही किंचित कमी. घरच्या प्रयोगात हा फरक पकडता येत नाही. तो पकडणारी उपकरणं मात्र आजही वस्तू पाडूनच मोजतात: निर्वात नळीत एक परावर्तक सुमारे २० सेंटिमीटर पडू देतात आणि त्याच्या पडण्याचा माग लेझरने काढतात.