लाकडी खुराड्यातील हवा व स्वच्छता

खेड्यातील घराच्या परसात किंवा पडवीत पाच-दहा कोंबड्यांचे लाकडी खुराडे बहुधा असतेच. मुंगूस व रानमांजर यांच्या भयाने ते चोहोबाजूंनी फळ्या ठोकून बंद केलेले असते. पावसाळ्यात वर गोणपाटही पडते. कोंबड्या शत्रूपासून वाचतात खऱ्या, परंतु कोंदट हवेने हळूहळू खंगतात. अंडी घटली म्हणजे दोष खाद्यास किंवा जातीस दिला जातो. खुराड्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते. तिला घाम येत नाही. उकाड्यात चोच उघडून, धापा टाकूनच ती उष्णता बाहेर टाकते. श्वासाबरोबर बाष्प बाहेर पडते आणि ताज्या विष्ठेतही सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असते. या ओलीस वाट न मिळाल्यास विष्ठा कुजून अमोनिया वायू सुटतो व कोंबड्यांचे डोळे आणि श्वासनलिका बिघडतात. ऊब व ओल मिळाली की रक्ती हगवणीचे जंतू एक-दोन दिवसांतच रोग लावण्यास समर्थ होतात.

परीक्षा सोपी आहे. पहाटे दार उघडताच कोंबडीच्या उंचीपर्यंत वाकून श्वास घ्यावा. डोळ्यांस झोंबले, तर खुराड्यात हवा पुरेशी नाही असे समजावे.

हवेची सोय : समोरासमोरच्या दोन बाजूंस, छपराच्या लगत खाली, चार बोटे रुंदीची लांब फट ठेवावी व तीवर अर्ध्या इंची तारेची जाळी पक्की ठोकावी. बसण्याची दांडी या फटीच्या बरीच खाली असावी, म्हणजे वाऱ्याचा झोत अंगावर येत नाही. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून छप्पर वीतभर पुढे काढावे. खुराडे जमिनीपासून फूटभर उंच असावे.

स्वच्छता : विष्ठा रोज सकाळी खरवडून खताच्या खड्ड्यात टाकावी. भिजलेले तूस त्याच दिवशी बदलावे. झाडताना नाका-तोंडावर फडके बांधावे. महिन्यातून एकदा कडक उन्हाच्या दिवशी सर्व सामान बाहेर काढावे, फटींत उकळते पाणी ओतावे आणि लाकूड पूर्ण वाळल्यावर चुन्याची सफेदी द्यावी. सफेदी सुकल्याशिवाय कोंबड्या आत सोडू नयेत.

येथे एक अनुभव सांगणे अवश्य आहे. नोकरीच्या आरंभी प्रस्तुत लेखकाने एका शेतकरी भगिनीस श्रावणातील ढगाळ दिवशी खुराडे धुण्यास सांगितले. लाकूड वाळले नाही, पिले त्याच ओलीत बसली आणि दहा-बारा दिवसांत चार पिले रक्ती हगवणीने दगावली. दोष सल्ल्याचा होता. पावसाळ्यात धुऊ नये. खरवडावे, कोरडे तूस घालावे.

फटींत रक्त पिणारी बारीक कीड दिवसा लपते व रात्री कोंबड्यांवर चढते. रात्री दांडीच्या खालून पांढरे फडके फिरवावे. तांबडे डाग पडल्यास कीड आहे. उन्हाळ्यात तिची नवी पिढी सुमारे आठवड्यात तयार होते, म्हणून सफाई आठवड्याने पुन्हा करावी. रिकाम्या खुराड्यातही ती कित्येक महिने तग धरते. औषध पशुवैद्यकांच्या सल्ल्यानेच वापरावे.

कोंबड्या एकाएकी मरू लागल्यास मात्र सफाईस हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावातील एका खुराड्यात तरी अशी फट पाडून दाखवावी. पहाटेच्या वासातील फरक शेतकऱ्यास आपोआप पटेल.