मनाचें दुखणें व तिघांची सेवा

गांवांत असा कोणी तरी असतो कीं ज्याची झोंप उडाली आहे, अंग दुखतें, भूक मेली आहे, आणि औषध घेऊनहि गुण येत नाहीं. लोक म्हणतात, "बाहेरचें कांहीं असेल." परंतु पुष्कळदां तें खिन्नतेचें दुखणें असतें. तें आळस नव्हे, ढोंग नव्हे, व कोणाची करणीहि नव्हे.

असा रोगी मनोवैद्याकडे जात नाहीं. अंग दुखतें म्हणून जवळच्या आरोग्यकेंद्रांत जातो. तेथील गर्दींत डॉक्टरांस मनाची विचारपूस करावयास सवड नसते. यास्तव गोव्यांत डॉ. विक्रम पटेल व त्यांचे सहकारी यांनीं "मानस" नांवाचा प्रयोग केला. १२ सरकारी केंद्रें व १२ खासगी दवाखाने यांतील २,७९६ रोगी त्यांत होते. अर्ध्या ठिकाणीं तिघांनीं मिळून उपचार करण्याची व्यवस्था केली. त्यांचीं कामें अशीं:

१. समुपदेशक. हा वैद्य नव्हे, शिकवून तयार केलेला सामान्य मनुष्य होय. तो रोग्याचें ऐकून घेतो, दुखणें समजावून सांगतो, व रोगी येईनासा झाल्यास चौकशी करतो.

२. केंद्राचा डॉक्टर. दुखणें भारी असल्यास गोळ्या तोच देतो.

३. मनोवैद्य. तो या दोघांस सल्ला देतो व कठीण रोगी स्वतः पाहतो.

सर्वांस एकच उपचार नाहीं. आधीं समजूत, तेवढ्यानें न भागल्यास औषध किंवा अधिक दिवसांचा संभाषणोपचार.

याचें फळ २०१० सालीं "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. ज्यांचें दुखणें तपासून निश्चित झालें होतें, त्यांपैकीं सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनीं शेंकडा ६५.९ बरे झाले. जेथें ही व्यवस्था नव्हती तेथें शेंकडा ४२.५. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाहीं. म्हणजे ही सेवा जेथें गरीब जातात तेथेंच अधिक उपयोगी पडली.

तर आपण काय करावें? रोग्यास हिणवूं नये. त्याजबरोबर केंद्रांत जावें, व अंगदुखीबरोबर मनाची गोष्टहि डॉक्टरांस सांगण्यास त्यास धीर द्यावा. औषध मध्येंच सोडूं देऊं नये. कोणी जीव देण्याची भाषा बोलल्यास त्यास क्षणभरहि एकटें ठेवूं नये. २०२२ सालीं सुरू झालेल्या सरकारी "टेली-मानस" सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठींतहि मोफत सल्ला मिळतो.

प्रश्न. (१) खिन्न रोगी प्रथम कोठें जातो, व कां? (२) तिघांपैकीं प्रत्येकाचें काम कोणतें? (३) तुमच्या वस्तींत आज कोणाची विचारपूस करावयास पाहिजे?