शासकीय मदतीच्या योजना आणि आपले चौथे शील



दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्त आपल्यापैकी अनेकांनी वर्षावासात ऐकले असेल. त्यातील एका राजाने राज्याचे रक्षण चोख केले, पण जे निर्धन होते त्यांना धन दिले नाही. त्यामुळे दारिद्र्य वाढले. दारिद्र्यातून चोरी आली, चोरीच्या मागोमाग शस्त्रे आली, शस्त्रांमागून हत्या आली, आणि त्यानंतर पकडून आणलेला एक माणूस राजासमोर जाणूनबुजून खोटे बोलला. या क्रमाकडे आम्हांला वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. खोट्याचा उगम तथागतांनी माणसाच्या स्वभावात शोधला नाही. राजाने जे द्यायला हवे होते ते दिले नाही, तेथे तो शोधला.

हे सुत्त येथे आठवण्याचे कारण असे. आम्ही काही कार्यकर्ते रविवारी सकाळी विहारात बसून वस्तीतील लोकांचे अर्ज भरून देतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, निराधार योजना, शिष्यवृत्ती, जे येईल ते. एका रविवारी धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी आल्या. पती नाक्यावरचे कामगार होते, ते वारले. तीन घरची कामे मिळून महिन्याला चार हजार रुपये येतात. घरी सासूबाई आणि बारावीतला मुलगा. मावशी म्हणाल्या, "भाऊ, तो बाहेर बसणारा माणूस म्हणतो, वर्षाचे वीस हजार लिहा, दोन हजार द्या, काम करून देतो. मग सकाळी मुसावादा वेरमणी म्हणायचं ते कशाला?"

या प्रश्नाला आमच्याकडे तयार उत्तर नव्हते. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा प्रयत्न आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्यातील अनेक स्वाभिमानी माणसे शासनाची मदत म्हणजे भीक समजतात व अर्जच करीत नाहीत. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते तिच्या हातून आलेल्या संविधानाचा ४१ वा अनुच्छेद काढून पाहावा. बेकारी, वार्धक्य, आजार आणि अपंगत्व यांत नागरिकाला सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा हक्क राज्याने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत मिळवून द्यावा, असे तो सांगतो. शब्द साहाय्याच्या हक्काचा आहे, दयेचा नाही. 'कुवतीच्या मर्यादेत' ही पुस्ती त्याला जोडलेली आहे हेही आम्ही लपवीत नाही, कारण पुढची सारी अडचण त्या पुस्तीतूनच निघते.

आता मूळ विषय. महाराष्ट्रात शहरी गरिबासाठी योजना पुष्कळ आहेत, पण गरीब कोण हे प्रत्येक योजना वेगळे ठरवते. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० साली सुरू झाली. विधवा, परित्यक्ता, अपंग, अनाथ मुले, क्षयरोग, कर्करोग, कुष्ठरोग अशा आजारांनी पीडित व्यक्ती यांच्यासाठी ती आहे. वय ६५ च्या आत आणि राज्यात १५ वर्षांचे वास्तव्य हवे. पासष्टीनंतर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना लागू होते. दोन्हींची रक्कम २०१९ साली ६०० वरून १००० आणि २०२३ साली १५०० रुपये झाली. मात्र रक्कम वाढली तेव्हाही कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपयेच राहिली. फक्त अपंगांसाठी ती ५०,००० आहे व त्यांची रक्कमही २०२५ च्या ऑक्टोबरपासून २५०० करण्याचा निर्णय झाला. २१,००० भागिले ३६५ हा हिशेब विद्यार्थ्यांनी वहीत करून पाहावा. दिवसाला अठ्ठावन्न रुपयेही होत नाहीत, आणि तेही एका माणसाचे नव्हे, अख्ख्या घराचे.

दुसऱ्या बाजूला पाहा. अन्न सुरक्षा कायद्याखालच्या प्राधान्य कुटुंबाच्या शिध्यासाठी शहरात हीच मर्यादा ५९,००० आहे. धर्मादाय रुग्णालयात निर्धन रुग्ण म्हणून मोफत उपचारासाठी ती १,८०,००० आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी अडीच लाख. २०२४ च्या जुलैपासून सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेतही अडीच लाखच, आणि रक्कम तीच, १५०० रुपये. म्हणजे अडीच लाख उत्पन्नाच्या घरातील स्त्रीला जी रक्कम मिळू शकते, तीच मिळवण्यासाठी विधवेने अठ्ठावन्न रुपयांत घर चालवते असे सिद्ध करायचे. दोन्ही योजनांचा लाभ एकत्र मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

मावशींना आम्ही हा तक्ता फळ्यावर लिहून दाखवला आणि म्हटले, तुमचे खरे उत्पन्न ४८,००० आहे, तेच लिहू. निराधार योजना मिळणार नाही, पण बाकी कोणते दार बंद होते ते पाहू. दाखला ४८,००० चा निघाला. त्या दाखल्यावर मुलाची शिष्यवृत्ती झाली, शिधापत्रिका प्राधान्य यादीत गेली, पुढे सासूबाईंच्या हाडाच्या शस्त्रक्रियेला तोच कागद कामाला आला, आणि २०२४ साली अर्ज खुले होते तोवर मावशींचा लाडकी बहीण योजनेचा अर्जही भरला गेला. वीस हजारांच्या खोट्या दाखल्याने याहून फारसे अधिक मिळाले नसते. उलट चौकशी लागली असती तर सगळेच गेले असते आणि दोन हजार त्या माणसाच्या खिशात गेले असते ते वेगळेच. दलाल एकच योजना दाखवतो, कारण त्याला एकाच कागदाचे पैसे घ्यायचे असतात.

रुग्णालयाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण येथे अज्ञान फार आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१ अअ कलमाखाली आणि उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. दुर्बल घटकाची मर्यादा ३,६०,००० आहे. मुंबईत अशी रुग्णालये सत्तरहून अधिक आहेत आणि त्यांत मोठी, काचेच्या दारांची रुग्णालयेही येतात, ज्यांच्या पायरीवर चढायला आपला माणूस बिचकतो. तातडीच्या रुग्णाला अनामत रक्कम न मागता दाखल करून घेणे हे त्यांच्यावर बंधनकारक आहे. आत गेल्यावर पैसे भरण्याच्या खिडकीवर न जाता प्रथम समाजसेवा विभाग विचारावा. खाट नाही असे सांगितले तर ते लेखी मागावे व धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात कळवावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ही याहून निराळी. तिचे विमा संरक्षण २०२४ च्या जुलैपासून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत झाले. तिच्यासाठी रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे.

घरातील कमावता माणूस १८ ते ५९ वयात वारला आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालील यादीत असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात. ही योजना १९९५ पासूनची आहे, तरी दहापैकी आठ जणांना आमच्याकडून प्रथमच कळते.

आता विद्यार्थ्यांसाठी. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही १९४४ सालची आहे. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. तेव्हा आपल्या हाती येणारी रक्कम किती जुन्या संघर्षातून आली आहे हे विसरू नये. अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरायचा, बँक खाते आधारशी जोडलेले असावे. २०२१ पासून केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो व त्यातील शुल्क महाविद्यालयात भरायचे असते. येथे मुले फसतात. पैसे आले म्हणून मोबाईल घेतला, आणि वर्षअखेरीस महाविद्यालयाने गुणपत्रिका अडवली, अशी दोन उदाहरणे आमच्यासमोर आहेत. उत्पन्न अडीच लाखांवर असेल तर शिष्यवृत्ती नाही, पण शिक्षण व परीक्षा शुल्काची फ्रीशिप आहे, हे पालकांना ठाऊक नसते. गावाकडून मुंबईत शिकायला येऊन वसतिगृह न मिळालेल्या भाच्या-पुतण्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळू शकतात. स्थानिक रहिवाशाला मात्र ती नाही.

जातीच्या दाखल्याचा प्रश्न आपल्या समाजात विशेष नाजूक आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेकांनी अभिमानाने शाळेच्या दाखल्यावर केवळ 'बौद्ध' लिहिले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात बौद्धांचा समावेश नव्हता, तो १९९० साली संसदेने केला. नवबौद्धांच्या दाखल्यावर पूर्वीच्या जातीचा उल्लेख लागतो आणि पुरावा १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा मागतात. ज्या जातीचे नाव आजोबांनी टाकून दिले, तेच नातवाने कागदोपत्री सिद्ध करायचे, हे मनाला टोचते. आम्हांलाही टोचते. पण तो अन्यायाचा इतिहास सांगणारा पुरावा आहे, आपली ओळख नव्हे, असे समजून घ्यावे. आजोबांच्या शाळेचा, जन्ममृत्यू नोंदीचा किंवा जमिनीचा जुना उतारा गावाहून एकदाच आणून घरातील सर्व भावंडांनी त्याच्या प्रती ठेवाव्यात. अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राचे मुद्रांक शुल्क शासनाने माफ केले आहे, त्यासाठी मुद्रांकाचा कागद कोणी विकत घ्यायला लावला तर घेऊ नये. अर्ज दिला की पोच घ्यावी. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ प्रमाणे प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत आहे, ती कार्यालयात फलकावर लावलेली असते, आणि मुदत टळली तर अपील करता येते. पोच नसेल तर मुदत कधी सुरू झाली हेच सांगता येत नाही.

हे सर्व लिहूनही मावशींच्या प्रश्नाचा एक भाग उरतोच. त्यांच्या सासूबाई बहात्तर वर्षांच्या आहेत. स्वतःचे उत्पन्न शून्य. श्रावणबाळ योजनेत अर्ज केला, तो फेटाळला गेला, कारण सुनेचे ४८,००० कुटुंबाच्या उत्पन्नात धरले. सून वेगळी राहते असे लिहून दिले असते तर कदाचित काम झाले असते. तसा सल्ला देणारेही भेटले. एकाच चुलीवर जेवणाऱ्या सासू-सुनेने कागदावर वेगळे व्हायचे, म्हणजे पुन्हा तेच खोटे. त्या दोघींनी ते लिहून दिले नाही. सासूबाईंना मदत मिळाली नाही. सत्य सांगितल्याने सगळे ठीक होते असे आम्ही येथे लिहिले तर तेही खोटे होईल. मावशीही पासष्टीला पोहोचल्या की लाडकी बहीण योजनेतून बाहेर पडतील आणि मर्यादा बदलली नाही तर त्याच २१,००० च्या भिंतीपाशी येऊन उभ्या राहतील.

म्हणून आपल्या संस्थेने सामाजिक न्याय विभागास द्यावयाचे निवेदन तयार केले आहे. त्यात दोनच मागण्या आहेत. निराधार व श्रावणबाळ योजनांची उत्पन्न मर्यादा निदान शिधापत्रिकेच्या ५९,००० इतकी करावी, आणि पासष्टीपुढील व्यक्तीचे केवळ स्वतःचे उत्पन्न मोजावे. निवेदन विहाराच्या वाचनालयात टेबलावर ठेवले आहे. सही करताना पुढील रकान्यात आपले वय आणि घरातील खरे उत्पन्न लिहावे. लिहिता न येणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी रविवारी सकाळी दहा ते एक या वेळेत विद्यार्थी शाखेची मुले तेथे बसतील.