सुतार आणि सूत्रधार
(घरच्या घरी लाकडी बाहुल्यांची रंगभूमी)

सुतार जे सूत धरतो आणि बाहुल्या नाचविणारा जे सूत धरतो, त्या दोहोंचे नाते फार जुने आहे. संस्कृतात ‘सूत्रधार’ म्हणजे नाटकाचा चालक. आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ सुतार किंवा शिल्पी असाही होतो. अकराव्या शतकात माळव्याच्या भोजराजाच्या नावावर असलेला ‘समराङ्गणसूत्रधार’ हा वास्तुविद्येचा ग्रंथ हाच शब्द धारण करतो, आणि त्याच्या यंत्रविषयक अध्यायात हालचाल करणाऱ्या लाकडी आकृत्यांचेही वर्णन आहे. नाटकातला सूत्रधार बाहुल्यांच्या खेळातूनच आला, असे काही पंडितांचे मत आहे. आपल्या ज्ञानेश्वरीतही कळसूत्री बाहुलीचा दृष्टान्त येतो. सुताराच्या मापपट्टीवरील इंचाच्या आठव्या भागास आपण आजही ‘सूत’च म्हणतो.

या लेखात ही दोन्ही सुते एकाच अंगणात कशी आणावी, ते सांगावयाचे आहे. खेळ दाखविणे हे सूत्रधाराचे काम; परंतु तो खेळ दिसेल की फसेल, हे सुताराच्या मापांनीच ठरते.

आपल्या भागातील साहित्य

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात या कामाची सामग्री दूर शोधावी लागत नाही. संत्र्याच्या हंगामात मालाची चढउतार झाली की मोडक्या लाकडी पेट्या उरतात. त्यांच्या फळ्या पातळ आणि आखूड असतात, पण बाहुल्यांच्या पिठासाठी त्या पुरेशा आहेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मुले जो चाकांचा लाकडी बैल मिरवितात, तो पुढे वर्षभर फळीवर धूळ खात बसतो. हाच आपला पहिला नट. त्याला वेगळी सूत्रे लागत नाहीत. पुढून एक काळा दोरा बांधला की तो रंगभूमीवर डौलाने चालत येतो. आजीचे जुने गडद रंगाचे लुगडे मिळाले, तर दर्शनी पडद्याचीही सोय झाली.

माझा पहिला फसलेला प्रयोग

प्रथम माझी चूक सांगतो, म्हणजे तुमचे श्रम वाचतील. मी पहिली रंगभूमी बांधली तेव्हा बाहुल्या अजून तयार नव्हत्या. दर्शनी खिडकी जितकी मोठी तितका खेळ मोठा, अशा समजुतीने मी ती तब्बल 30 इंच उंच ठेवली. खेळाच्या दिवशी आळीतील मुले सतरंजीवर बसली. पडदा सरला, बैल आला, शेतकरी आला, मी जीव ओतून संवाद म्हणू लागलो, आणि पुढच्या रांगेतील एका चिमुरडीने मोठ्याने विचारले, “काका, तुमची बोटं काहून नाचून रायली जी?” सगळी मुले हसली. त्यानंतर बाहुल्यांकडे कोणी पाहीना. सर्वांचे डोळे माझ्या हातांवर खिळले.

त्या रात्री मी कागद घेऊन बसलो, आणि तेव्हा उमगले की रंगभूमीचे माप बाहुलीच्या उंचीवरून आणि खेळविणाऱ्याच्या कोपरावरून काढावयाचे असते. रिकाम्या जागेवरून किंवा हाती असलेल्या लाकडावरून नव्हे.

मापे कशी काढावी

बाहुली 12 इंच उंच आहे असे धरू. खिडकी तिच्या तिप्पट रुंद, म्हणजे 36 इंच, आणि 20 इंच उंच असावी. आता खेळविणाऱ्याने ताठ उभे राहून कोपर काटकोनात वाकवावे आणि जमिनीपासून हाताची उंची मोजून घ्यावी. समजा ती 38 इंच आली. बाहुल्यांचे पीठ जमिनीपासून 12 इंच उंच केले, तर खिडकीची वरची कड 12 अधिक 20, म्हणजे 32 इंचांवर येते. हात तिच्याही वर 6 इंच राहतो. जमिनीवर बसलेल्या मुलांची नजर थोडी वर चढत आत जाते. हे 6 इंच त्या चढासाठी राखून ठेवावे. बाहुलीचे डोके जमिनीपासून 24 इंचांवर आणि हात 38 इंचांवर, म्हणून डोक्याची सूत्रे 14 इंच लांब हवीत. सूत्र जितके आखूड, तितकी बाहुली हुकमात राहते. खेळविणारा उंच असेल, तर पीठ त्या मानाने उंच करावे.

दर्शनी चौकट

चौकटीसाठी दीड इंच रुंद आणि एक इंच जाड अशा रिपा घ्याव्यात. मुख्य चौकट 60 इंचांचा चौरस आहे. दोन उभ्या रिपा, वरची एक आडवी, आणि जमिनीपासून 12 व 32 इंचांवर दोन आडव्या. या दोन आडव्यांच्या मध्ये, प्रत्येक बाजूने 12 इंच आत, खिडकीच्या कडा होणाऱ्या दोन आखूड उभ्या रिपा बसवाव्यात. 12, 36 आणि 12 मिळून 60 होतात, हे पडताळून पाहावे. बाजूंना बिजागऱ्यांनी जोडलेल्या, प्रत्येकी 18 इंच रुंद व 60 इंच उंच अशा दोन चौकटी लागतात. त्या किंचित मागे वळविल्या की संपूर्ण रंगभूमी स्वतःच्या पायांवर उभी राहते आणि बाजूने आत डोकावता येत नाही. सर्व रिपांची बेरीज सुमारे 55 फूट होते; कापण्यातील तूट धरून 60 फूट आणाव्या.

जोड देताना दोन्ही रिपांची निम्मी जाडी, म्हणजे चार सूत, करवतीने व पटाशीने काढावी आणि त्या एकमेकींत बसवून सरस लावून स्क्रू आवळावेत. केवळ एकावर एक ठेवून खिळे ठोकलेली चौकट दोन-चार दिवसांत डुगडुगू लागते.

काटकोन तपासण्यास लहान गुण्या अपुरा पडतो. तेथे दोरी कामास येते. कोपऱ्यापासून एका रिपेवर 36 इंचांवर व दुसरीवर 48 इंचांवर खूण करावी. त्या दोन खुणांमधील अंतर नेमके 60 इंच भरले, तर कोपरा काटकोनी आहे. हे वर्गातील पायथागोरसचेच प्रमेय. बौधायनाच्या शुल्बसूत्रात वेदी आखण्यासाठी आयताच्या कर्णाचा हाच नियम सांगितला आहे, आणि ‘शुल्ब’ म्हणजे दोरी! भूमितीच्या तासाला कंटाळणाऱ्या विद्यार्थ्याने एक चौकट स्वतः जोडून पाहावी; वाकडा कोपरा त्याला जो धडा देईल, तो फळ्यावरचा खडू देऊ शकणार नाही.

पीठ आणि मागचा पडदा

पीठ 48 इंच लांब व 14 इंच खोल असावे. खिडकीच्या दोन्ही बाजूंस 6-6 इंच जादा राहिल्याने बाहुल्यांना दृष्टीआडून येता-जाता येते. लांबीच्या दिशेने तीन रिपा ठेवून त्यांवर पेट्यांच्या फळ्यांचे 14 इंचांचे तुकडे आडवे ठोकावे. अशा आखूड फळ्या वाकत नाहीत. पेटीची पातळ फळी खिळा मारताच चिरते. त्यावर सुतारांची एक साधी युक्ती आहे: खिळ्याचे टोक हातोडीने हलकेच बोथट करावे. अणकुचीदार टोक लाकडाचे तंतू पाचरीसारखे फाकविते. बोथट टोक ते चुरडून वाट काढते.

पिठाच्या मागच्या कडेला दोन खुंटांवर आडवी रीप बसवून 22 इंच उंच काळा पडदा सोडावा. खेळविणारा या पडद्यामागे जमिनीवर उभा राहतो आणि त्यावरून हात पुढे करतो. मागचा पडदा त्याचे धड झाकतो, आणि खिडकीवर 28 इंच उंच ताणलेले लुगडे त्याचे हात व तोंड झाकते. दोहोंच्या मधून फक्त बाहुली दिसते. काळ्या पडद्यासमोर काळी सूत्रेही नजरेस पडत नाहीत. दिवे खिडकीच्या दोन्ही बाजूंस, चौकटीच्या आत लावावेत. पाठीमागे दिवा ठेवल्यास त्याचा उजेड प्रेक्षकांच्या डोळ्यांत जातो. पडद्याजवळ कंदील किंवा मेणबत्ती कदापि नको. एलईडीचे छोटे दिवे सर्वांत बरे. करवत आणि पटाशी वडील माणसांच्या देखरेखीखालीच चालवावी; लहान भावंडांनी काचकागद घासावा, रंग द्यावा.

बाहुलीविषयी थोडे

पहिल्या बाहुलीला पाच सूत्रे पुरतात: कानांपाशी दोन, हातांना दोन आणि पाठीला एक. ती फुलीसारख्या जोडलेल्या दोन पट्ट्यांना बांधावी. सूत्राचा एक धर्म ध्यानात ठेवावा: ते फक्त ओढते, ढकलीत नाही. हात वर नेणे सूत्राचे काम, खाली आणणे वजनाचे. म्हणून लाकूड हलके घेतले तरी तळहातांत व पावलांत लोखंडाची लहान चकती बसवावी, नाहीतर उचललेला हात तसाच लोंबकळत राहतो.

निरनिराळ्या प्रांतांनी आपापल्या तोडी शोधल्या आहेत. राजस्थानचे कठपुतळीवाले आंब्याच्या लाकडाची बाहुली करतात आणि तिला पायांऐवजी लांब घोळदार घागरा देतात. त्यांची रंगभूमी तर दोन खाटा उभ्या करून आणि पुढे कमानींचा पडदा बांधूनही सिद्ध होते. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्यांची आणि चित्रकथीची परंपरा जपली आहे. सावंतवाडी संस्थानाने एके काळी या कलेस आश्रय दिला होता. राजाश्रय गेला, करमणुकीची नवी साधने आली, आणि ही कला लोपेल अशी वेळ आली. तेव्हा तेथील श्री. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यातच तिचे संग्रहालय उभारले आणि पुढच्या पिढीस ती शिकविली. 2021 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कलेस मोठे सभागृह मिळाले नाही, तरी एक गोठा आणि जिद्दीचे एक कुटुंब तिला तारू शकते, हा त्यातील बोध होय.

पडद्यामागचा आवाज

आता या खटाटोपाचे प्रयोजन सांगतो. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले. सौंसर आणि पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. 2023 साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. आपल्या राज्याची भाषा हिंदी आहे आणि ती आपणांस उत्तम यावी. परंतु मराठी घरातील अनेक मुले आता मराठी ऐकतात आणि उत्तर मात्र हिंदीत देतात. माझा एक पुतण्याही तसाच. कोणी टोकले की तो अधिकच गप्प होई.

मी दुसरी रंगभूमी योग्य मापाने बांधली, तेव्हा बैलाचे संवाद बोलावयास माणूस कमी पडत होता. ते काम मी त्याच्याकडे दिले. पडद्याआड त्याला कोणी पाहात नव्हते, कोणी हसत नव्हते. पहिल्या तालमीस तो अडखळला. तिसऱ्या दिवशी त्याचा बैल आजीच्याच वऱ्हाडी वळणात धन्याशी भांडू लागला: चारा कमी, ओझे जास्त! खेळाच्या दिवशी आजी पुढच्याच रांगेत होती. नातवाचा आवाज तिने ओळखला, आणि डोळ्यांना पदर लावून ती हसत राहिली. त्या दिवशी माझी बोटे नाचताना कोणालाच दिसली नाहीत.

बाहुलीला स्वतःची वाचा नसते. पडद्यामागे कोणी बोलेल तरच ती बोलते. आपल्या बोलीचेही तसेच आहे. येत्या सुटीत दोन-चार मित्रांनी मिळून रिपा आणाव्यात, कोपराचे माप घ्यावे, काटकोन दोरीने तपासावा, आणि तान्ह्या पोळ्याच्या बैलास फळीवरून खाली उतरवावे. त्याने काय बोलावे, हे मात्र घरातील वडीलधाऱ्यांना विचारून त्यांच्याच शब्दांत लिहून काढावे.