संकेतस्थळ पाहावं कसं?

प्रश्न : मी दुसरबीडला राहून मराठीत एम.ए. करते. विद्यापीठ ग्रंथालयाचं संकेतस्थळ चांगलं की नुसतंच चकचकीत, हे कसं ओळखू?

उत्तर : आपला बुलढाणा जिल्हा संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठात येतो. एसटीने अमरावतीला जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. म्हणून तुमच्यासाठी संकेतस्थळ हेच ग्रंथालयाचं दार. इमारतीचे फोटो आणि सरकती चित्रं सोडून द्या, थेट ग्रंथसूचीचा शोध उघडा. 'लीळाचरित्र' टाका. मग 'लि' ऱ्हस्व करून टाका, मग रोमन अक्षरांत. तिन्ही वेळा सारखीच पुस्तकं आली, तर नोंदी करणाऱ्याने मराठी वाचक डोळ्यांपुढे ठेवलाय असं समजा. एकाच वेळी आली आणि दोनदा पाटी कोरी, तर पुस्तक कपाटात असूनही तुमच्या लेखी नाहीच. माझ्या मते ही एक चाचणी निम्मा निकाल देते.

हे सगळं मोबाइलवरच करा. बोटांनी चिमटा काढून अक्षरं मोठी करावी लागली, तर गुण कापा. सूचनांवरच्या तारखा बघा; वेळापत्रक गेल्या वर्षीचं असेल तर बाकी मजकुरावरही भरवसा नको. घरबसल्या ई-जर्नल वाचायला लॉगिन कसं मिळतं, हे दोन-तीन क्लिकमध्ये सापडायला हवं. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी 1931 मध्येच वाचकाचा वेळ वाचवा असं बजावलं होतं, तेव्हा क्लिक नव्हते एवढंच.

प्रबंध हवे असतील तर गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं 'शोधगंगा' पाहा. तिथे लॉगिनही लागत नाही.