दंतरोपणात जागेचे महत्त्व

दात पडला की कवळी, हा आपल्याकडील रूढ मार्ग. आता जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर दात उभारण्याची पद्धतही रुळली आहे. स्वीडनमधील संशोधक ब्रॉनेमार्क यांना १९५०च्या दशकात सशाच्या हाडात बसविलेले टायटॅनियमचे उपकरण काढता येईना, कारण हाड त्या धातूशी एकजीव झाले होते. याच गुणाच्या आधारे १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर दंतरोपण केले.

हा गुण मात्र दुधारी आहे. नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती तंतूंचे पातळ आवरण असते. म्हणून वाकडा दात तारा बांधून सरकविता येतो. स्क्रूभोवती असे आवरण नसते. तो एकदा चुकीच्या जागी जडला, की तसाच राहतो अथवा हाडासह काढावा लागतो. पूर्वी जेथे हाड मिळेल तेथे स्क्रू बसवीत आणि दात कसाबसा जुळवून घेत. आता क्रम उलटा आहे : दात कोठे हवा हे प्रथम ठरते, मग त्याखाली स्क्रूची जागा.

पुढच्या दातात हे विशेष जाणवते. ओठाच्या बाजूस सुमारे २ मिलिमीटर हाड राहावे, यासाठी स्क्रू किंचित टाळूकडे घेतात. नाहीतर हिरडी वर सरकते, दात लांबट दिसतो. शेजारच्या दातापासून दीड आणि दोन स्क्रूंमध्ये ३ मिलिमीटर अंतर लागते. ते कमी पडल्यास मधले हाड झिजून हिरडीचे टोक नाहीसे होते व तेथे अन्न अडकते. दाढेच्या बाबतीत दिसण्यापेक्षा चावण्याचा भार महत्त्वाचा. तो स्क्रूच्या अक्षावरून सरळ खाली उतरावा. खालच्या जबड्यातील शिरेपासून २ मिलिमीटर अंतर राखावेच लागते. शीर दुखावल्यास ओठ बधिर होतो, कधी कायमचा. म्हणून त्रिमितीय क्ष-किरण तपासणी झाली आहे का, हे रुग्णाने विचारण्यात कसलाही संकोच नसावा. तंबाखूचे व्यसन आणि अनियंत्रित मधुमेह यांत हाड नीट जुळत नाही, हेही आधीच सांगावे.

शिक्षकांसाठी एक गोष्ट. खेळताना विद्यार्थ्याचा पुढचा दात गेल्यास लगेच दंतरोपण करीत नाहीत. जबडा वाढतो, स्क्रू मात्र जागीच राहतो. त्यामुळे तो दात पुढे आखूड दिसू लागतो. वाढ पूर्ण होईपर्यंत तात्पुरता दात लावतात. पण समूळ निखळलेला कायमचा दात मुळाला हात न लावता उचलून दुधात ठेवला आणि मुलाला तासाभरात दंतवैद्याकडे नेले, तर बऱ्याचदा तोच पुन्हा बसविता येतो.